पहिला बार

आबा, आम्ही अल वक्राला राहतो तिथं स्टेडियम उभं राहतंय. वर्ल्डकपसाठी सगळे रस्ते उकरून ठेवलेत, त्यामुळे दोह्यातल्या दुकानात पोचायला रोज उशीर होतो आणि उशीर झाला की मला दिवसभर चैन पडत नाही. दुकान बंदुकांचं, परवान्याचं. मी तिथं तुमचंच काम करतो, लाकडी दस्ते. गेल्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं, माझ्याच वयाचे कतारी गृहस्थ. आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला जायचंय, म्हणून मोठ्या बोअरची रायफल हवी. नळी आणि बाकीचं लोखंड परदेशातून येईल. दस्ता त्यांच्या अंगमापाचा आणि सगळी जुळणी माझ्या हातची. "बाबा, तुम बनाओ. तैयार माल मेरे को नहीं बैठता. यल्ला, हाँ बोलो!" सोचके बताता, म्हणालो. तेव्हापासून धड झोप नाही.

कारण तुमची रीत. गावात रानडुकरांसाठी कुणी ठासणीची बंदूक बांधून घेतली, की पहिला बार तुम्ही काढायचा, मगच ती गिऱ्हाइकाच्या हाती. एकदा पलीकडच्या वाडीतला म्हातारा घाई करतो, "दे रे, मी काय कालचं पोर?" तुम्ही बंदूक मागं घेता. "लाकडात चूक असली तर माझा खांदा जाऊ दे. तुझा कशाला?" मग स्वयंपाकघरात आई तुमच्या खांद्याला गरम हळदीचा लेप लावते. मी डावखुरा. शाळेत मास्तर त्या हातावर छडी मारायचे. तुम्ही मात्र डाव्या गालाला बसेल असा दस्ता घासून मला बंदूक बांधून दिलीत. "हात त्याचा आहे, मास्तरांचा नाही." शाळा लवकरच सुटली, पण त्या दस्त्याचा गुळगुळीतपणा अजून गालाला आठवतो.

आता त्याच डाव्या खांद्याखाली पेसमेकर आहे, बंदूक जिथं टेकते नेमका तिथं. डॉक्टरांनी साफ मना केलंय. उजवीकडून झाडली तर दस्ता नीट बसलाय की नाही, मला कळायचं नाही. आणि या बोअरचा धक्का असा, की दस्त्याच्या निमुळत्या भागात लाकडाची शीर तिरकी असेल तर ते फुटतंच. गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ फुटलं तर? बायकोला सांगितलं. "छातीत एक मशीन आहेच, आता खांद्यावर तोफ घ्या!" ती हसली, आणि मग भाजी चिरायची थांबली.

न झाडता बांधायची, की नाही म्हणायचं? काल त्या कतारी गृहस्थांना खरं ते सांगून टाकलं. शर्टाचं बटण काढून उंचवटा दाखवला. त्यांनी हलकेच बोट लावलं.

"खलास. पहला गोली मैं मारेगा. मेरा रायफल, मेरा कंधा."

"लकड़ी फट गया तो?"

"तो तुम बाजू में खड़ा रहना. मेरे को डर नहीं लगेगा."

मी हो म्हणालो. आक्रोडाची फळी काढली, शीर पाहिली, परत पाहिली, उजेडात नेऊन पुन्हा पाहिली.

तुम्ही गेलात, आता हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? खणातच राहील, म्हणून सांगतो. माझी बंदूक मी बिनधास्त झाडायचो, पण तुमच्या बाराच्या वेळी पडवीत कान दाबून डोळे मिटून बसायचो. तुम्हाला पहिला बार काढताना मी एकदाही पाहिलेलं नाही, आबा. गिऱ्हाइकाच्या बाजूला डोळे उघडे ठेवून उभं राहणं जमेल का, ते मला अजून माहीत नाही.