नऊशे मोठे की तीन?

प्रिय ठमे,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तीनदा फोन हातात घेतला, पण जीभ रेटेना. मंगळवारपासून मी सुन्न आहे. भाजी चिरायला घेतो आणि सुरी धरून तसाच उभा राहतो. तब्येत ठणठणीत आहे, ती काळजी नको.

झालं असं, की कॉम्प्युटर 'जागा संपली' म्हणून अडून बसला. आपल्या दुरुस्तीवालीला विचारलं, तर ती म्हणाली, सगळ्यात मोठ्या फायली काढून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मीही ऐटीत बसलो. यादी उघडली. फायलींची नावं म्हणजे नुसती आकड्यांची लांबलचक शेपटं. आकाराच्या रकान्यात कुठे तीन, कुठे चार, कुठे नऊशे चाळीस, आठशे दहा, सातशे पंचवीस. आता नऊशे मोठे की तीन, हे मला कुणी शिकवायला हवं का? शेकड्यातल्या सगळ्या निवडल्या आणि उडवल्या. अर्धवट काम मला खपत नाही, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. तरी कॉम्प्युटरचं तुणतुणं तेच.

दुरुस्तीवाली घरी आली, पडद्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, आकड्यापुढची अक्षरं नाही बघितलीत?" तीनच्या पुढे जीबी होतं, नऊशेच्या पुढे केबी. मग तिने माझ्याच वहीत मांडून दाखवलं. एक हजार चोवीस केबींचा एक एमबी, आणि तेवढ्याच एमबींचा एक जीबी. मी काढलेल्या फायली एकशे चाळीस, सरासरी सातशे केबींच्या, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम शहाण्णव एमबी. तुझ्या आतेभावाच्या लग्नाची ती न संपणारी फिल्म एकटीच तीन जीबी, या सगळ्यांच्या बत्तीस पट. ती सुखरूप आहे. तिच्यात मी जांभई देताना दिसतो.

अगं, पस्तीस वर्षं मी मुलांना एककं शिकवली. एकक लिहिलं नाही तर उत्तराला शून्य. पाच म्हणजे पाच हत्ती की पाच मुंग्या, असं विचारून वर्ग हसवायचो. तुलाही सगळ्यांदेखत शून्य दिलं होतं, तेव्हा दोन दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस.

पण फजिती झाली म्हणून मी सुन्न नाही. त्या एकशे चाळीस फायली म्हणजे तुझ्या आईचे निरोप होते. शेवटच्या पाच महिन्यांत दवाखान्यातून ती रोज फोनवर बोलून पाठवायची. गॅस नीट बंद केला का, शेजारच्या खाटेवरची बाई कशी घोरते, आणि मग स्वतःच हसत सुटायची. माझा फोन बिघडला तेव्हा दुरुस्तीवालीनेच ते कॉम्प्युटरवर उतरवून दिले होते. तुझी आई गेल्यावर ते ऐकायचा मला धीर झाला नाही. आहेत ना, ऐकू पुढे, असं म्हणत दोन वर्षं काढली. आता त्या पोरीने कॉम्प्युटर दोन दिवस नेऊन खटपट केली, पण काही हाती लागलं नाही. सांगताना तिलाच रडू आलं, मी तिला पाणी दिलं. काल दुपारी खुर्चीत बसून आठवून पाहिलं. तुझ्या आईचे शब्द आठवतात, आवाज येत नाही. मला फार भीती वाटली, ठमे.

म्हणून हे पत्र. तुमचं भांडण झाल्यावर तिने तुलाही एक निरोप पाठवला होता. तू तो उघडलाच नाहीस, आणि ती गेल्यावर त्याच्याकडे बघवत नाही म्हणून माझ्यापाशी रडलीस. ती तो बोलली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. ती रागावलेली नव्हती, एवढंच सांगतो. ऐकायचा की नाही ते तू ठरव; न ऐकता मला पाठवलास तरी चालेल. पण त्या दिवशी मीच तुला म्हटलं होतं, एवढा त्रास होतो तर पुसून टाक. लहानपणापासून तू माझं एक ऐकलं नाहीस, आणि त्यावरून मी कितीदा घर डोक्यावर घेतलं. हेही ऐकलं नसशील तर फार बरं होईल, बाळा.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच बाबा