कौशल्याबाईंचं ‘सॉरी टु से’

११ फेब्रुवारी १९७९

आज पुन्हा! कोथिंबिरीचं सारण भरून पुडाच्या वड्या केल्या होत्या. गरम गरम चार वड्या भिंतीवरून शेजारी दिल्या. कौशल्याबाईंनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले, मान हलवली आणि — "सॉरी टु से आनंदी, पण सारणात मीठ कमी हाये." मग चारही कशा संपल्या बाई?

हे इंग्रजी त्यांच्या वडिलांचं. ते नागपूरला कोर्टात होते. मी लग्न होऊन नालवाडीत आले तेव्हाच अर्थ विचारून घेतला होता. "सांगाले वाईट वाटते, असं," म्हणाल्या. वाईट वाटतं म्हणे! ते म्हणताना बाईच्या तोंडावर काय तेज येतं! शिंक यायच्या आधी माणसाचं तोंड होतं ना, तसं होतं, की समजायचं आता कोणाचं तरी काही खरं नाही. माझ्या निळ्या लुगड्याला म्हणून झालं, ह्यांच्या मिशीला म्हणून झालं. भजनातल्या सीताबाईला तर भर भजनात — "सॉरी टु से, पण तू नुसत्या टाळ्याच वाजवत जा." चांगलं सांगायचं असलं की इंग्रजी लागत नाही, तेव्हा मराठीच पुरते.

मीठ खरंच नव्हतं म्हणा. माझ्या लेकीनं, नलूनं आणि ह्यांनी मुकाट खाल्ल्या.

१८ फेब्रुवारी

वासुदेवराव भाऊजींनी नलूसाठी स्थळ आणलं. कारंज्याचं. मुलगा तहसिलीत आहे, घरची संत्र्याची बाग, एकुलता एक. अजून काय पाहिजे?

नलू म्हणते, "मले बी. एड. कराचं हाये." म्हटलं, लग्न झाल्यावर कर, कोण नाही म्हणते! मग खाली मान घालून पुस्तकात पाहत बसली. लाजली असेल.

४ मार्च

पाहुणे आले, पाहून गेले. पोरगी पसंत, हे मुलाच्या आईच्या तोंडावरच दिसत होतं. अनुसयाबाई नाव. नलूची वेणी हातात घेऊन पाहिली, स्वतःच्या शेजारी बसवलं.

आता आमच्याकडची रीत. मुलीच्या घरी चहा-चिवडा खायचा आणि निघताना शेजारच्या घरी जाऊन पाणी मागायचं. तहान कोणाला असते! पाणी प्यायचं नाव, मुलगी कशी, घर कसं, ते शेजारणीला विचारून घ्यायचं. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलून दाखवत नाही. अनुसयाबाई डावीकडे सीताबाईकडे वळत होत्या. सीताबाई भोळी, काय बोलेल नेम नाही. मीच त्यांच्या हाताला धरून इकडे वळवलं. "इकडे चला, कौशल्याबाई शिकलेल्या हायेत." त्यांच्याकडे काचेचे ग्लास आहेत, बसायला खुर्च्या आहेत. बरं दिसतं.

आदल्या दिवशी कौशल्याबाईंना सांगून ठेवलंच होतं. "चांगलं सांगजा हो." तर माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मी काय सांगाचं ते माझं मी पाहीन." बाईला कोणी शिकवलेलं आवडत नाही, म्हणून मी विषय सोडला.

१३ मार्च

होळी. कारंज्याहून निरोप नाही. नलूच्या सासरी पाठवायच्या म्हणून साखरेच्या मोठ्या गाठी आणून ठेवल्या होत्या. त्या तशाच आहेत, मुंग्या लागू नये म्हणून खुंटीला टांगल्या.

२२ मार्च

माय वं!

भाऊजी आले. चहा घेईनात. मी म्हटलं, काय ते सांगून टाका. तर म्हणाले, "पोरगी पसंत हाये वहिनी. पण ते लोक नाई म्हनतात." काऊन? "आजूबाजूनं समजलं म्हने." काय समजलं? खूप खोदलं तेव्हा खाली पाहत बोलले, "की पोरगी लाखात एक, पण सॉरी टु से, तिच्या मायपुढं घरात कोनाचं चालत नाई. उद्या लेकीच्या संसारातही तिचंच चालन, पोरीले सुखानं नांदू देनार नाई. असं."

सॉरी टु से!

भाऊजींनी ते तसंच्या तसं म्हटलं. बिचाऱ्यांना त्याचा अर्थही ठाऊक नाही. अनुसयाबाईंनी म्हटलं म्हणून त्यांनी म्हटलं. पण साऱ्या नालवाडीत हे कोणाच्या तोंडचं आहे ते मला सांगायला नको!

मी? मी सुखानं नांदू देणार नाही? कौशल्याबाईंच्या धाकट्याला गोवर आला तेव्हा त्यांच्या मोठ्याला महिनाभर माझ्या घरी जेवूखाऊ घातलं ते कोणी? स्वतःची आई गेली तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली ती बाई! चोवीस वर्षांची शेजारीण! पोरीला नावं ठेवली असती तर एक वेळ समजलं असतं. बाईनं मलाच पुढे केलं!

नलू रडली नाही. पोळी वाढून घेतली, भाजी पुन्हा मागितली. पोर धीराची आहे माझी. तिच्या ताटाकडे पाहून मलाच रडू आलं.

२३ मार्च

गेले. भिंतीवरून नाही, कौशल्याबाईंच्या समोरच्या दारानं गेले.

तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, तुम्ही म्हटलं का असं? वाटलं होतं नाही म्हणतील, शपथा घेतील. तर सरळ — "हो, म्हटलं."

काऊन?

"ते विचारू नको आनंदी."

आज नाही आलं तोंडात इंग्रजी! मी म्हटलंही, घ्या की, आज वाईट वाटून नाही राह्यलं काय? सुपात बोटं फिरवत राहिल्या. मग माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ‘तू’ म्हटलं. म्हटलं, तुले पोरगी नाई, म्हणून माझीचं पाहवलं नाई तुले! सूप खाली ठेवून आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत.

बरं केलं मी. लागू दे.

हे म्हणतात, "जाऊ दे ना, दुसरं पाहू." ह्यांचं सगळंच ‘जाऊ दे’. आणि वर हळूच म्हणतात, "पण थोडं तर खरं हाये ना." मी पाहिलं तसे चप्पल घालून चौकात गेले.

२४ मार्च

भिंतीवर बोरीच्या काट्या टाकून घेतल्या. हे म्हणाले, "मांजर येते काय?" म्हटलं, हो, लय मोठी आहे.

१९ एप्रिल

यंदा कुरड्या एकटीनं घातल्या. दरवर्षी चीक मी हाटायची आणि सोऱ्या कौशल्याबाई फिरवायच्या. यंदा चीक पातळ झाला, कुरड्या चिकटून बसल्या, लुगड्यावरून सुटेनात. आणि कोणी नाव ठेवायलाही नाही! एवढी चीड आली की अर्ध्या ओल्याच गाईला घातल्या.

साऱ्या बाया वाळवणाला जमल्या होत्या. मी सगळं सांगितलं. कोण कुठून कसं बोललं, एकही शब्द गाळला नाही. सीताबाईनं तर नक्कल केली, "सॉरी टु से", मान वाकडी करून. सगळ्या पोट धरून हसल्या. भिंतीपलीकडे बादली वाजली. ऐकलं असेल. ऐकू दे.

नलू तेवढी उठून आत गेली. म्हणाली, "आई, पुरे ना आता." बिचारीला तो विषयच नको आहे.

२७ मे

कौशल्याबाई चालल्या. अमरावतीला, मोठ्या मुलाकडे, कायमच्या. दारात ट्रक उभा. खुर्च्या चढल्या, कपाट चढलं.

मला वाटलं होतं, जाताना तरी येईल, पाय धरील, चुकले म्हणेल. फाटकापर्यंत आल्या होत्या. मी खिडकीतून पाहिलं. फार वाळल्यासारख्या दिसल्या. उभ्या राहिल्या, कडीला हात लावला. मी आतून हाक दिली नाही. नलू धावत गेली. बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत काही बोलली, आणि दोघी रडल्या. माझी पोरगी तिच्या गळ्यात पडून रडते! जिनं तिचं लग्न मोडलं तिच्या! पोरीला मान-अपमान कशाचाच नाही.

ट्रक गेला. नलूला विचारलं, काय म्हणत होती? "काही नाई. तुले जप म्हणे."

मला जप म्हणे! ढोंगी.

२ जून

रिकाम्या घरात कुत्री शिरतात. काट्या काढून टाकल्या.

१० जून

भाऊजींनी सेलूचं स्थळ आणलं. रविवारी पाहायला येतात. मी म्हटलं, येऊ द्या, आता शेजारी दावा साधायला कोणी नाही.

नलू भेंड्या चिरत होती. विळीवरून नजर न उचलता म्हणाली, "आई, कारंज्याचं मीच मोडाले सांगतलं होतं कौशल्यामावशीले. आता मावशी इथं नाई, म्हणून तुले सांगून राह्यली."

मी म्हटलं, मला काऊन नाही सांगितलं?

"तुले सांगतलं होतं. बी. एड. चं. तू ऐकलं काय?"

म्हटलं, मग माझी बदनामी काऊन केली तिनं?

"मावशी तयारच नोती. रडली. म्हणे, तुयाबद्दल काही सांगतलं त पुढं कोनीच येनार नाई, मंग सांगू काय? मीच म्हटलं, आईचं सांग. मी सांगत गेली अन् तिनं घोकून ठेवलं."

नलूनं भेंड्या परातीत ओतल्या आणि विचारलं, "रविवारी पाहुन्यायले येऊ देतं काय?"