“वाढव” म्हणाले

३ नोव्हें.
पहाटे पाणी आलं. भरून होईतो हे बाथरूमच्या दारात उभे. धड आत नाही, धड बाहेर नाही. वरचं अंग पुढे निघालेलं आणि पाय फरशीला चिकटलेले. मागून कमरेला धरलं, म्हटलं डावा उचला, डावा. उचलेना. मग व्हायचं ते तिथंच झालं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी फरशी धुतली.

मार्चमध्ये पुण्याला ह्यांच्या मेंदूत तारा घातल्या, गळ्याच्या हाडाखाली मशीन बसवलं, तेव्हा वाटलं होतं पार्किन्सनची कटकट मिटली. हात थांबला हे खरं. कप हलत नाही, सही नीट येते. पण पाय? आधी निदान फरफटत का होईना, जात होते.

५ नोव्हें.
अमोलचा पुण्याहून फोन. “आई, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. थरथर जाईल, चालण्याची खात्री नाही.”
सांगितलं होतं. मी काय बहिरी होते? पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं कानात शिरलंच नाही. गरजवंताला अक्कल नसते.
बोलणंही पुसट होत चाललंय ह्यांचं. दहादा विचारावं तेव्हा एक शब्द लागतो. मग मी चिडते.

८ नोव्हें.
व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, जमिनीवर आडव्या रेघा आखा. समोर रेघ दिसली की पाय ओलांडायला उठतो म्हणे. घरात खडू कुठला? रांगोळीनं आखल्या, हॉलपासून बेडरूमपर्यंत. हे पहिल्या रेघेशी थांबले ते थांबलेच. रांगोळीवर पाय पडेल म्हणून! कधी नव्हे ते हसू आलं मला. ह्यांनाही आलं असावं, चेहऱ्यावर आता कळत नाही.
पुसून काळी टेप चिकटवली. आणि गेले की! बेडरूमपर्यंत, हात न धरता. मी दारात उभी राहून रडले.

९ नोव्हें.
टेप होती तशीच आहे. हे पडले. कपाळाला टेंगूळ. कालचं लिहायलाच नको होतं.

११ नोव्हें.
वन्सं आल्या माढ्याहून. धाकट्या भावाला बघून रडारड. “आधी बरा व्हता की गं. हात हलत व्हता, पर चार मानसांत जात व्हता.” ऑपरेशन सगळ्यांनी मिळून ठरवलं, वन्संना विचारून. आता बोट माझ्याकडे. उलट बोलायची ताकदच नाही.

१२ नोव्हें.
जेवणानंतर ह्यांना खुर्चीतून उठवायला गेले. उठेनात. पुन्हा. पुन्हा. शेवटी ह्यांनी छातीवर, मशीन आहे तिथं हात ठेवला. “वाढव.”
“काय?”
“वाढव आता.”
किती दिवसांनी इतकं स्पष्ट बोलले! रिमोट काढला. डॉ.नी आखून दिलेल्या मर्यादेत मशीनचा करंट थोडा वर-खाली करायची आम्हाला मुभा आहे. एक पायरी वाढवली. हे माझ्याकडे बघत राहिले. काही तरी सांगायला गेले, नुसती घरघर. म्हटलं, दम धरा, लागू पडेल.

१३ नोव्हें.
कुठलं लागू पडतंय. पाय तसेच, वर बोलणं पार गेलं.
दिवेलागणीला देवापुढची समई तडतडायला लागली. वन्सं पाटावरून म्हणाल्या, “समई वाढव की गं, तेल संपलंय.”
हातातली भाजी हातातच राहिली.
दिवा विझव, दुकान बंद कर, असले शब्द ह्यांच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. अशुभ म्हणे, “वाढव” म्हणायचं. शाळेसमोरचं वह्या-पेनांचं दुकान हे रोज “वाढवून” घरी यायचे. चाळीस वर्षं ऐकलंय मी ते.
मग काल काय वाढव म्हणाले? आणि मी काय वाढवलं?
वन्संना सांगितलं. “न्हाय गं. असं कसं म्हनंल त्यो?” म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून बसल्या.

१४ नोव्हें.
वाढवलेलं परत खाली आणलं, आणखी एक पायरी कमी केली. बंदचं बटण त्याच रिमोटवर आहे. एकदम बंद करू नका म्हणून पुण्याला बजावलंय. अंग लाकडासारखं होईल, घास गिळता येणार नाही, जिवावर बेतेल. ह्यांच्यासमोरच सांगितलं होतं.
अमोल म्हणतो, “तू पण ना आई, कशातून काहीही काढतेस. मशीन वाढव म्हणाले बाबा, सरळ आहे.” सरळ असेल. नसलं तर?

१६ नोव्हें.
डॉ. व्हिडिओवर. मशीनचा वेग कमी करून बघू म्हणाले. कदाचित पाय सुटतील, पण हाताची थरथर परत येईल. कदाचित पाय सुटणारही नाहीत. “काकांना काय हवंय?”
“त्यांना चालायचंय,” मी म्हटलं. तडक.
हे शेजारीच होते. मान हो अशी नाही, नाही अशी नाही. डॉ. म्हणाले, “त्यांनाच नीट विचारा आणि कळवा.”
चालायला मला हवंय त्यांनी. थकले मी. हे सुटले तर मीही सुटेन असं मनात येतं, आणि लगेच उठून ह्यांच्याकडे बघून येते.

१७ नोव्हें.
विचारलं नाही. दुधात भाकरी कुस्करून भरवली. वन्सं गेल्या. रिक्षात बसताना म्हणाल्या, “इचार त्याला. पर म्या हितं नसताना इचार.”

१८ नोव्हें.
आवाज जरासा परतलाय. उजव्या हाताला बारीक थरथर.
विचारलं. समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून. “त्या दिवशी वाढव म्हणालात. म्हणजे जास्त कर, का...” पुढचं माझ्यानं म्हणवेना.
ओठ हलले. कान जवळ नेला.
“दे इकडं.”
“काय देऊ?”
“रिमोट.”
टेबलावरच होता. मी उचलला आणि कमरेला खोचला. का हवाय ते सांगा, म्हटलं. सांगत नाहीत. सांगता येत नाही का सांगायचं नाही, कळत नाही. मी वही घेऊन बसलेय, दुसरं काय करू? हात पुढे केलेला आहे त्यांनी. थरथरतोय. खाली घेत नाहीत.