लूमच्या खडखडाटातली कविता

बाबा, तू कविता करायचास हे मला ठाऊक होतं, पण तुझी एकही ओळ घरात शिल्लक नव्हती. तू कधी कागदावर काही उतरवलंच नाहीस. भिवंडीतल्या कवींवर फिल्म करायला घेतली तेव्हा हेच आधी टोचलं. इथे मुशायऱ्याला रस्ता अडेल एवढी माणसं जमतात, आणि बाहेर भिवंडी म्हटलं की लोकांना फक्त कापड आणि खड्डे आठवतात. म्हणून ठरवलं, फिल्मला निवेदन ठेवायचं नाही. इथल्या मराठी-उर्दू कवितांनीच शहराची गोष्ट सांगायची. त्यासाठी मी दुसऱ्यांच्या बापांच्या कविता गोळा करत फिरले. माझ्या बापासाठी जागा होती, कविता नव्हती.

मग तुझ्या यंत्रमाग कारखान्याच्या शेठच्या मुलाने त्याच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट दिली. व्हिडिओवाल्याने हौसेने कारखानाही शूट केला होता, आणि त्यात तू आहेस. दोन लूमच्या मधे उभा, केसांत कापसाची पिंज, आजच्या माझ्याहून तरुण. कुणीतरी तुला कविता म्हणायला लावलं असणार, कारण तू हात उचलतोस आणि बोलू लागतोस. मी हेडफोन कानांवर दाबून बसले. चालू लूमची खडखड, बाकी काही नाही. एडिटिंग करणारी मैत्रीण हळूच म्हणाली, "दीदी, इसमें आवाज़ ही नहीं है। काट देते हैं।" मी बरं म्हटलं. मला रडूच आलं होतं.

एडिटिंग घरीच चाललं होतं, आई मागे वाल सोलत बसली होती. म्हणाली, "पुन्हा लाव. बोलतोय ना तो, दिसत न्हाय काय तुम्हाला?"

आणि ती म्हणू लागली. ओठ तुझे, आवाज तिचा.

शेलार गावचा म्हणतो, भात कापायला आला.
आजमगढचा म्हणतो, बेटी का खत आया.
वज्रेश्वरीचा म्हणतो, अंग दुखतं, गरम कुंडात बुडून येतो.
लूम कुणाचंच ऐकत न्हाय.
मी सगळ्यांचे ओठ ऐकतो.

शेजारच्या लूमवरचे लोक जे बोलायचे, तीच तुझी कविता होती. कारखान्यात त्या गोंगाटात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात, आणि लग्नानंतर आई तिथे तुझ्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची, हे मला माहीत होतं. तरी लहानपणी मी मैत्रिणींना सांगायचे, आमच्याकडे आईबाबा बोलतच नाहीत. तू दारात, ती चुलीपाशी, दोघांचे ओठ हलायचे आणि आवाज नसायचा. मला वाटायचं, धुसफूस चाललीय. तुम्ही तर दिवसभर गप्पा मारत होतात.

शेवटची ओळ मात्र तिने सांगितली नाही. तिथे तू कॅमेऱ्यावरची नजर काढून बाजूला बघतोस, बहुतेक ती बसायची त्या कोपऱ्याकडे. "ही माझी हाय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाल सोलू लागली. तिचा आवाज रेकॉर्ड करून त्या चित्रावर घातला आणि फिल्ममध्ये तसंच ठेवलं. काल इथल्या सभागृहात दाखवली. तिचा आवाज थांबतो, तुझे ओठ हलत राहतात, लूम चालू असतात. आम्हाला नुसती खडखड ऐकू येत होती, आणि मागच्या रांगेतले म्हातारे विणकर एकदम हसले. त्यांना कळली होती ती ओळ. मी त्यांना विचारलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? म्हणून आत्ता तुझ्या फोटोपुढे उभी राहून वाचलं, आवाज न करता, नुसते ओठ हलवत. ती ओळ मलाही हवी आहे, हेही सांगितलं. वाचून झालं तर खोलीच्या दारात आई उभी. कधीची उभी होती, कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलं आणि सावकाश ओठ हलवले.

बाबा, मला वाचता आले नाहीत.