तिन्ही निगेटिव्ह

गुरुवार, ९ जानेवारी
सकाळी ११.१०. लॅबमध्ये थायरॉइडच्या गाठीची केस. तीन प्रोटीन तपासायची: गॅलेक्टिन-३, एचबीएमई-१, सीके-१९. गाठ कॅन्सरची असेल तर बहुधा तपकिरी रंग येतो, साधी असेल तर बहुधा येत नाही. त्याआधी स्लाइड बफरच्या द्रावणात वीस मिनिटं उकळायच्या असतात. सातव्या मिनिटाला लाइट गेली. गुरुवारच तो, महावितरणच्या दुरुस्तीचा. उरलेली तेरा मिनिटं गरम बफरमध्येच झाली, असं धरलं.

पेशंट इफ्फतआपा, आम्हाला रोज डबा देणाऱ्या. संध्याकाळी रिकामे डबे न्यायला आल्या तेव्हा दारातच विचारलं. तिन्ही निगेटिव्ह, मी म्हणाले. त्यांनी माझा गाल ओढला. मला असलं आवडत नाही.

६.४०. कंट्रोल स्लाइड आत्ता पाहिली. ती खात्रीच्या कॅन्सरची, तपकिरी यायलाच हवी. तीही कोरी. म्हणजे टेस्ट झालीच नाही.

शुक्रवार, १०
निश्चय: आज सांगायचं.
आपांनी डब्यात शाही तुकडा पाठवला, फक्त मला. शेजारच्या टेबलावरचा ज्ञानेश म्हणाला, काय राव, आम्ही काय सावत्र? खाल्ला. न खाणं संशयास्पद दिसलं असतं.
आधी टेस्ट पुन्हा, मग सांगणं. पद्धत हीच बरोबर.

शनिवार, ११
वीस मिनिटं, स्टॉपवॉच लावून. कंट्रोल तपकिरी. आपांच्या तिन्ही तपकिरी.
स्लाइड आमच्या पॅथॉलॉजिस्ट मिनल मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. पहिल्या वेळेचा उल्लेख केला नाही. त्यांनी विचारलं नाही.
रिपोर्ट गुरुवारी मिळणार. पाच दिवस. भरपूर.

सोमवार, १३
आपांनी गल्लीत पेढे वाटले. चाकणहून भाऊ येऊन गळ्यात पडून गेला. म्हणाल्या, आता सर्जनला कशाला भेटू, तारीख रद्दच करते. मी म्हणाले, थांबा जरा. का, विचारलं. असंच, म्हणाले.
उद्या नक्की.

मंगळवार, १४
संक्रांत. आज गोड बोलायचं असतं.

बुधवार, १५
आपा डबा ठेवताना म्हणाल्या, काय गं बेटा, गाठ माझ्या गळ्यात आणि आवाज तुझा बसलाय?
सर्दी, म्हणाले. सर्दी नाही.
उद्या रिपोर्ट निघण्याआधी त्यांच्या घरी जायचं. चार वाक्यं तयार आहेत. भावनिक व्हायचं नाही. त्या कोसळतील, कुणीतरी स्थिर असायला हवं.

गुरुवार, १६
पहिलं वाक्य अर्धं झालं, तिथेच आपांनी थांबवलं. मॅडमचा फोन सोमवारी संध्याकाळीच आला होता. ऑपरेशन पुढच्या बुधवारी. वेळेत कळलंय, घाबरू नकोस, म्हणाल्या. मला.
निगेटिव्ह कुणी सांगितलं, हेही मॅडमनी विचारलं होतं. आपा म्हणाल्या होत्या, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल.
मग म्हणाल्या, तू कधी बोलतेस याची वाट बघत होते गं.
धीर द्यायला गेले होते. सतरा मिनिटं रडले. पाणी आणायला त्या उठल्या.