पुलाआधीची हाक

प्रिय रेन्स्के,

सत्तावीस वर्षांत आपण एकमेकींना सगळं कळवलं. लग्नं, बाळंतपणं, आजारपणं. तू कॅनडातून, मी इथून, हॉलंडच्या उत्तरेतून, आपल्या फ्रीसलंडमधून. त्या शर्यतीबद्दल मात्र, तुझं मागचं पत्र येईपर्यंत, दोघींनी एक ओळही लिहिली नाही. आज मी लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मधेच फाडू नकोस.

शाळेपासून आपलं वैर होतं ते फक्त बर्फावर. वर्गात एका बाकावर बसायचो, एकाच डब्यातला काळा राय-ब्रेड खायचो, आणि कालवा गोठला की एकमेकींकडे बघायचोही नाही. चार हिवाळे मी जिंकले. मग त्या वर्षी सित्सेकाकांनी, तुझ्या वडिलांनी, आपल्या लोहारशाळेत तुझ्यासाठी ते नवे स्केट्स घडवले. बुटाच्या पुढच्या टोकाशी बिजागरी, टाच उचलली तरी पातं बर्फाला धरूनच. दर पावलाला टप् टप् वाजायचे. शर्यत-मंडळाच्या शेडमध्ये पुरुष खिदळले होते, "काय गं रेन्स्के, घराचं दार मोडून बिजागरी आणलीस का?" आठवड्याभरात तू त्यांतल्या निम्म्यांना मागे टाकलंस आणि हसणं थांबलं. मी काकांकडे गेले होते, हे तुला ठाऊक नाही. म्हटलं, "काका, मलाही एक जोड करून द्या ना." हातातली कानस न थांबवता ते म्हणाले, "पोरी, तुझे पाय देवानंच चांगले घडवलेत. माझ्या लेकीला एकदा तरी जिंकू दे." मायेनं म्हणाले गं. पण मला ते झोंबलं, आणि झोंबतच राहिलं.

शर्यतीत वीस किलोमीटर आपण दोघीच पुढे होतो. वारा समोरून, आणि तुझे ते टप् टप् माझ्या पाठीला लागलेले. वळणावर मी तुला कोपर मारलं. तूही कमी नव्हतीस; तुझ्या पात्यानं माझी पोटरी कापली, मोजा रक्तानं भिजला. "सरक ना म्हातारे, रस्ता दे!" तू ओरडलीस. तेवीस वर्षांच्या होतो आपण. मी जीव खाऊन पुढे निघाले, आणि शेवटच्या पुलाआधी, लव्हाळ्यांच्या वळणावर, तू मागे दिसेनाशी झालीस.

तिथे गोस्से होता. त्या टप्प्यावर राखण त्याची होती. पुलाखालचा बर्फ खचायला लागलेला त्यानं नुकताच पाहिला होता, आणि फळ्या नि दोर आणायला तो काठाकाठानं धावत निघाला होता. मला बघून ओरडला, "आउक्ये, पुलाखाली जाऊ नका! डावीकडून काठावर चढा! मागचीलाही सांग!" मी हात वर केला. तेवढ्या भरवशावर तो पळाला.

मी काठावर चढले. गोठलेल्या गवतावर पात्यांनी अडखळत चालत होते, तेवढ्यात तू वळणावरून आलीस. मला जमिनीवर बघून तुला हसूच फुटलं. "दमलीस का गं?" पाच-सहा श्वासांचा वेळ होता माझ्याकडे. एक शब्द पुरला असता. तू पडावीस, भिजावीस, शर्यत जावी, एवढंच मनात होतं. गुडघाभर पाणी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुलाखाली दोन पुरुष खोल पाणी आहे, हे आपल्या गावात कोणाला माहीत नव्हतं?

काका पुलावर उभे होते, तुला जिंकताना बघायला. तू पुलाखाली शिरलीस आणि बर्फ फुटल्याबरोबर त्यांनी कठड्यावरून उडी घेतली. त्यांनी खालून तुला ढकललं, मी पोटावर आडवी पडून तुझ्या केसांना धरून ओढलं. तू बाहेर आलीस. ते बर्फाखाली सरकले. दुसऱ्या दिवशी सापडले, पुलापासून बरेच पुढे. इस्पितळात माझा हात धरून तू म्हणालीस, "तू नसतीस तर मीही गेले असते." मी हात सोडवून घेतला नाही.

चौकशीत गोस्सेनं सांगितलं, "मी हिला ओरडून सांगितलं होतं. हिनं हात वर केला." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. तोल सावरताना हात वर गेला असेल. पोटरी कापली होती, म्हणून काठावर चढले." तो नुसता "आउक्ये?" म्हणाला. पुन्हा कधी त्यानं वाद घातला नाही. राखण टाकून पळालेला, हे नाव त्याला चिकटलं. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. दुकानात तो शिरला की बोलणं बंद व्हायचं. माझंही.

महिन्यापूर्वी त्याला पुरलं. पाद्री धरून चार माणसं होती. मी तुला कळवलं, तर तुझं उत्तर आलं: "बरं झालं. माझ्या बाबांना मारणाऱ्यासाठी माझ्याकडे रडू नाही." रेन्स्के, ते वाक्य माझ्यासाठी आहे. ते त्याच्या नावावर राहिलं तर मला मरणही नीट येणार नाही. शनिवारी मंडळाच्या सभेत मी उभी राहून सगळं सांगणार आहे. त्याच्या लेकीलाही बोलावलंय. पण गावाच्या आधी तुला कळायला हवं, आणि माझ्याकडूनच. माफी मागत नाही. ज्याच्याकडे आधी मागायची होती, तो पलीकडच्याच गल्लीत राहत होता आणि मी सत्तावीस वर्षं त्याच्या दारावरून गेले. गोस्सेनं हाक मारली होती. मी ऐकली होती.

तुझीच,
आउक्ये