पुरस्कारप्राप्त चाकाला तेल मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, वरचा मजला.

विषय : अर्जदाराच्या चाकाच्या खुर्चीस तेल मिळणेबाबत, जमल्यास पुरस्कारही राहू देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा 'उपद्रव' या विषयीचा अर्ज, जो आपल्या कार्यालयात 'उपक्रम' झाला.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून हाडांच्या वॉर्डातील कक्षसेवक (यापुढे 'अर्जदार') सविनय कळवतो की :

१. अर्जदार रुग्णांना ज्या खुर्चीतून नेतो-आणतो, तिचे पुढचे डावे चाक फिरताना कुईंकुईं ओरडते. त्याबाबत अर्जदाराने 'चाकाचा नवीन उपद्रव' असा अर्ज दिला होता. कार्यालयातील टंकलेखक ताईंनी तो 'चाकाचा नवीन उपक्रम' असा टाइप केला. ताईंना दोष नाही. अर्जदाराचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे सर्वश्रुत आहे.

२. परिणामी तो कागद भांडारात जायचा तो नवोपक्रम गौरव समितीपुढे गेला. समिती वॉर्डात आली व तिने खुर्ची लक्षपूर्वक ऐकली. वळणावर माणसे आपोआप बाजूला होतात आणि वीजही लागत नाही, हे पाहून अध्यक्ष भारावले. अर्जदार "साहेब, तेल..." एवढेच बोलू शकला. त्याची नोंद 'विनयशील स्वभाव' अशी झाली.

३. सोहळ्यात ढाल मिळाली. खुलासा करावा म्हणून अर्जदाराने तोंड उघडलेही होते. परंतु समोर पत्नी डोळे पुसत होती, आणि आजवर 'खुर्ची ढकलणारे जावई' म्हणणाऱ्या सासूबाई शेजारणीला "आमचे संशोधक" असे सांगत होत्या. अशा वेळी कोणत्या जावयाच्या तोंडून 'उपद्रव' हा शब्द निघेल, हे साहेबांनीच सांगावे.

४. त्यानंतर परिपत्रक निघाले की सदर आवाज जतन करावा व खुर्चीजवळ तेल आणू नये. एवढ्यावर भागले असते तर अर्जदार गप्प बसला असता. परंतु आता इतर वॉर्डांतील धडधाकट चाकेही पुसून कोरडी करण्यात आली आहेत. सगळ्या खुर्च्या एकदम निघाल्या की कुठली कुठून येते ते कळत नाही, आणि लोक बाजूला होण्याऐवजी जागच्या जागी गोल फिरतात. कानाच्या डॉक्टरांनी कानात कापूस घातल्याने त्यांना रुग्णांचे ऐकू येत नाही.

५. हेही अर्जदार सोसेल. परंतु खिडकीजवळच्या खाटेवरील आजींनी खुर्चीत बसणेच सोडले आहे. "मी निघाले की सगळा दवाखाना माना वळवून बघतो. मी काय मिरवणूक आहे?" असे त्यांचे म्हणणे आहे. व्यायामाच्या खोलीत गेल्या नाहीत तर पाय आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आजी म्हणतात, आखडू दे. अर्जदाराने समजूत काढली, हात जोडले, चाकाला कापड बांधून पाहिले. खुर्ची जागची हलेना.

६. तरी विनंती की चाकाला तेल द्यावे. नियमानुसार ढाल परत करावी लागत असल्यास ती सोबत जोडली आहे. मात्र सासूबाईंना कळवण्याचे काम कार्यालयाने करावे, अर्जदाराची छाती होत नाही. अथवा तेल घातलेली खुर्ची हाच पुढील वर्षाचा नवोपक्रम धरावा. अर्जदाराने तिला 'अजिबात न ओरडणारी खुर्ची' असे नाव योजले आहे. यात चुकण्याजोगा शब्द नाही, अशी खात्री ताईंकडून करून घेतली आहे.

आजींना या अर्जाविषयी सांगितले आहे. त्या सकाळपासून केस विंचरून, चपला घालून खाटेच्या कडेला बसून आहेत.

तेलाच्या प्रतीक्षेत, आपल्या आज्ञेतला,
कक्षसेवक, हाडांचा वॉर्ड

दिनांक : आजचाच, उद्यावर टाकू नये.

सोबत : ढाल, एक (फडक्यात गुंडाळून). सासूबाई लेकाकडे गेल्या आहेत, रविवारी परततात. निर्णय त्याआधी व्हावा, अथवा ढाल तरी घरी परत यावी.